सामान तासाप्रमाणे

प्रवासाच्या सामानाच्या छापील याद्या मला फारशा पटत नाहीत. टूथब्रश, टॉवेल, छत्री, औषधं, अशी एकाखाली एक नावं. नावापुढे बरोबरची खूण केली की वस्तू बॅगेत पडली एवढंच कळतं. ती कुठल्या थरात पडली आणि रात्री अंधारात हाताला लागेल का, हे यादीला विचारून उपयोग नसतो.

तरी आमच्या नात्यागोत्यात कुणी चार दिवस बाहेर निघालं की फोन मलाच येतो. नोकरीची बरीच वर्षं बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली ना! या पंधरवड्यात गडहिंग्लज, पुढच्यात परतूर, मग एकदम चंद्रपूर. एसटीने मुक्कामी पोचायला रात्र व्हायची, आणि लॉजवाला खोलीची किल्ली हातात देणार तेवढ्यात गावातले दिवे जायचे. अशा वेळी टॉर्च तीन साड्यांच्या खाली असेल तर ती पुण्यात राहिल्यातच जमा.

त्यातून एक पद्धत पडली. बॅग भरायला बसताना वस्तू आठवायच्या नाहीत, दिवस आठवायचा. घर किती वाजता सोडणार, पहिला घास कुठे, उतरू तेव्हा उजेड असेल का, पहिली अंघोळ कुठल्या बाथरूममध्ये. दिवस असा तासातासाने डोळ्यांसमोरून सरकवला की काय लागेल ते कळतंच, शिवाय ते वर ठेवायचं की तळाला, तेही कळतं.

परवा भाचीचा फोन आला. मे महिन्यात सिक्कीमला निघालेत. ती, जावई, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि तिच्या सासूबाई. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, तब्येतीने काटक, पण साखरेमुळे इन्सुलिनवर.

"मावशी, पटकन लिस्ट टाक ना व्हॉट्सॲपवर."

"बागडोगऱ्याला किती वाजता उतरताय?"

"ते कशाला? तू कपडे सांग."

कपडेसुद्धा त्यावरच ठरतात, हे तिच्या गळी उतरवायला बराच वेळ गेला. बागडोगरा सिक्कीममध्ये नाही, पश्चिम बंगालमध्ये आहे, सिलिगुडीच्या शेजारी. तिथून गंगटोक साधारण सव्वाशे किलोमीटर. आपल्या एक्स्प्रेसवेवर हे अंतर किरकोळ वाटेल, पण हा रस्ता तिस्ता नदीच्या कडेकडेने डोंगर चढत जातो. सगळं सुरळीत असलं तरी चार-पाच तास, आणि कुठे दरड आली असली तर मग देवाला ठाऊक. यांचं विमान लोहगावहून निघणार, मध्ये एकदा बदलणार आणि दुपार कलताना उतरणार. म्हणजे हॉटेलात शिरेपर्यंत रात्रीचे नऊ. डोंगरातले नऊ म्हणजे मिट्ट काळोख, मूल झोपेला आलेलं, आजींची इन्सुलिनची वेळ झालेली आणि सामान गाडीच्या टपावर दोरीने आवळलेलं.

मग सांगितलं, सगळ्यात आधी पहिल्या रात्रीची पिशवी भर. चौघांची मिळून एकच. प्रत्येकाचा रात्रीचा एक जोड, ब्रश, पेस्ट, साबणाची वडी, एक टॉर्च, एक चार्जर, आजींच्या रात्रीच्या गोळ्या, खोलीत घालायच्या स्लिपर आणि दोन पंचे. टर्किश टॉवेल नाही. पंचा. लक्ष्मी रोडवर कुठल्याही कापडवाल्याकडे मिळतो, घडी घातली की मुठीएवढा होतो आणि पंख्याखाली रात्रीत वाळतो. जाडजूड टॉवेल डोंगरातल्या दमट हवेत सकाळपर्यंत ओलाच राहतो आणि मग बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांनाही आपला वास देतो. ही पिशवी गाडीत पायाशी ठेवायची, टपावर चढवायची नाही. मोठ्या बॅगा त्या रात्री उघडायच्याच नाहीत. हॉटेलात पोचल्या पोचल्या चार बॅगा उघड्या टाकून "माझी नाइटी कुठेय" करणारी कुटुंबं मी इतकी पाहिली आहेत की त्यांच्यावरून खोली क्रमांकही ओळखता येतो.

आता वजनाचं. आमची इमारत सदाशिव पेठेतली, जुनी. मजला तिसरा आणि लिफ्ट नाही. त्यामुळे आमच्याकडे वजनाचा नियम कुणाला समजावावा लागत नाही: ज्याची बॅग त्याने एका दमात खाली न्यायची. मध्ये दुसऱ्या मजल्यावर टेकवली की परत वर येऊन काहीतरी काढायचं. आमच्या ह्यांची दोन जाडी पुस्तकं दर वेळी दुसऱ्या मजल्यावरूनच परत फिरतात. भाची बाणेरला चौदाव्या मजल्यावर राहते. दोन लिफ्ट, खाली गाडी, विमानतळावर ढकलगाडी. वजन म्हणजे काय ते तिला कळतं थेट काउंटरवर. देशातल्या विमानांत साध्या तिकिटाला बहुधा १५ किलो सामान खाली आणि ७ किलो हातात, एवढीच मुभा असते. त्यावर किलोगणिक पैसे, आणि तेही असे की त्या पैशांत तेवढे कपडे तुळशीबागेत नवे येतील. घरी काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे जा. तो टांगून वजन करून देतो, फक्त रद्दी नाही म्हटल्यावर जरा हिरमुसतो.

आगगाडीचं गणित वेगळं. स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो, सेकंड एसीला ५० किलो चालतं. म्हणून आगगाडीचा पुणेकर अजूनही कॅरियरचा डबा, उशी आणि पत्त्यांचा जोड घेऊन निघतो. तिथे खरी परीक्षा किलोंची नसून पुणे स्टेशनच्या दादऱ्याची असते.

बॅग कुठली, यावर भाचीशी जरा वाजलं. तिच्याकडे नव्या, कडक कवचाच्या, चकचकीत ट्रॉल्या आहेत. विमानतळाच्या फरशीवर त्या छान पळतात. पण सिक्कीममध्ये सामान जातं टपावरच्या कॅरियरवर, वर ताडपत्री, वर दोरी. कडक बॅगा एकमेकींवर घसरतात, दोरी धरत नाहीत आणि मागच्या डिकीत कोपऱ्यात बसत नाहीत. कापडी डफल बॅग दाबली की बसते. शिवाय मेमध्ये तिथे दुपारनंतर पाऊस असतोच, आणि ताडपत्री बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या आशावादावर टिकलेली असते. म्हणून बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालायची आणि कपडे त्यात. बाहेरून रेनकव्हर घालतात लोक, पण ते वाऱ्याने उडतं. आतली पिशवी उडत नाही. बोहरी आळीत वजनावर मिळतात, हव्या त्या मापाच्या. त्याच फेरीत जाड सुतळी आणि चार-सहा कपड्यांचे चिमटे घ्यायचे. हॉटेलच्या बाथरूममध्ये दांडी असेलच असं नाही.

कपड्यांकडे येते. भाचीला वाटत होतं सिक्कीम म्हणजे बर्फ, तर जाड स्वेटर आणि लोकरीचे कोट. मी तिला हिशेब करायला लावला, जुनी खोड. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे ५६० मीटरवर, गंगटोक १६५० च्या आसपास, चांगू म्हणजे त्सोमगो तलाव ३७५३ आणि चीनच्या सीमेवरची नाथुला खिंड ४३१० मीटर. म्हणजे नुसत्या उंचीच्या वजाबाकीनेच गंगटोक आपल्यापेक्षा सात अंशांनी गार, चांगू वीस-एकवीस अंशांनी आणि नाथुला चोवीस. ढग, पाऊस आणि वारा हे त्यातून आणखी वजा. गंगटोकला मेमध्ये दिवसा बाविशीच्या आसपास असतं. आपल्या डिसेंबरातल्या सकाळसारखं, म्हणजे पुण्यात ज्याला आपण छान हवा म्हणतो ते. एकाच सहलीत बागडोगऱ्याची घामाची चिकचिक, गंगटोकची छान हवा आणि चांगूचा गोठवणारा वारा, असे तीन ऋतू. जाड स्वेटर तिन्हीपैकी एकाच ठिकाणी उपयोगी पडतो आणि उरलेले दिवस बॅगेत लोळतो.

म्हणून थर. अंगालगत थर्मल, त्यावर साधा पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा कुर्ता, त्यावर पातळ फ्लीस आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं विंडचीटर. ऊब कापडात नसते, दोन कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. गरम व्हायला लागलं की एक थर काढायचा. चांगूच्या वाटेवर टपऱ्यांमध्ये जाड जाकिटं आणि गमबूट भाड्याने मिळतात. एका दिवसाच्या थंडीसाठी ते भाडं परवडतं, पुण्याहून कोट वाहून नेणं नाही. जीन्स मात्र माणशी एकाहून जास्त नको. भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि ओल्या जीन्सचं वजन एकदा हातात घेऊन पाहावं. माळ्यावरचे कानटोप्या-मफलर काढलेत तर निघायच्या आधी दोन दिवस गच्चीत उन्हं दाखवा. डांबराच्या गोळ्यांचा वास बंद गाडीत, तोही घाटात, सगळ्यांना आडवा करतो.

विहीणबाई साडीतल्या. ड्रेस घालणार नाहीत, आणि का घालावा? मी त्यांना फोनवर सांगितलं, "विहीणबाई, परकराच्या आत लोकरीची लेगिंग घाला, कुणाला दिसत नाही. साड्या सिंथेटिक घ्या. सुतीचा काठ ओला झाला की पायाला थंडी चढते." त्यांना काळजी चपलांची होती. हिमालयात आपल्याकडच्या आज्या पायात मोजे आणि त्यावर अंगठ्याची चप्पल, अशा बर्फाळ पायऱ्या उतरताना दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. साडीवर स्पोर्ट्स शूज बरे दिसत नाहीत म्हणे. नसूदेत. दिसण्याची हौस लग्नाच्या हॉलमध्ये भागवावी, ओल्या दगडावर तळव्याला पकड पाहिजे. बूट आत्ताच घ्यायला लावले, निघायच्या महिनाभर आधी, अर्ध्या मापाने मोठे, कारण आत जाड मोजा जाणार. आणि रोज संध्याकाळी तेच घालून चालायचं. शेवटच्या आठवड्यात पर्वती चढायची, १०३ पायऱ्या. कोरा बूट चावायचा असेल तर पर्वतीवर चावूदे, खाली रिक्षा मिळते.

त्यांच्या इन्सुलिनबद्दल मी जरा जास्तच बोलले असेन, पण तिथे जास्त बोललेलं बरं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते गोठलं तर फेकून द्यायचं असतं, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. वितळल्यावर दिसायला तसंच दिसलं तरी भरवशाचं राहत नाही. म्हणून ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत कधीच नाही. कायम हातातल्या पर्समध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. सुरक्षा तपासणीत सुया पाहून विचारलं तर चिठ्ठी पुढे करायची. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालतं, फक्त तीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. नेमकं किती दिवस, ते ब्रँडप्रमाणे बदलतं आणि आतल्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद फेकू नका. पुण्याच्या मेमध्ये घर ते विमानतळ हा पट्टाच सगळ्यात वाईट. तेवढ्यासाठी रुंद तोंडाचा छोटा थर्मास, आत गार पाण्याची बाटली, त्याच्याशेजारी रुमालात गुंडाळलेलं इन्सुलिन. बर्फ थेट चिकटवायचा नाही.

गंगटोकला पोचल्यावर खेळ उलटतो. हॉटेलातल्या छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलं तर गोठतं. चांगूला गाडीत सोडलं तरी तीच भीती. तिथे पेन आतल्या कपड्यांच्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि सगळं दुप्पट न्यायचं: पेन, सुया, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, बॅटरी. त्यातलं निम्मं आजींच्या पर्समध्ये, निम्मं सुनेच्या. दरड आली आणि गाडी चार तास जागेवर उभी राहिली की जेवणाची वेळ चुकते, इंजेक्शन घेतलेलं असेल तर साखर उतरते. त्यासाठी लिमलेटच्या गोळ्या आणि ग्लुकोजची पुडी आजींच्या स्वतःच्या हातापाशी. नातवाच्या खिशात नाही, तिथे त्या तिस्ता यायच्या आत संपतील. नाथुलाला त्यांनी जावं की नाही, हे मी सांगणार नाही, त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलंय. चार हजार मीटरच्या वरची हवा विरळ असते.

बाकीची औषधं थोडक्यात. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या, डबीत सुट्या नाहीत, म्हणजे नाव आणि तारीख दिसते. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घालायची असते, ग्लासात चिमूटभर नाही. गाडी लागणाऱ्याने गोळी घाट सुरू व्हायच्या आधी घ्यायची. घाटात घेतलेली बहुधा गोळीसकट बाहेर येते.

यानंतर विहीणबाईंची पूजेची डबी. एवढीशी पितळी डबी, आत बाळकृष्ण, हळदकुंकू, कापूर, काडेपेटी आणि नैवेद्याला सुक्या खोबऱ्याची अर्धी वाटी. बाळकृष्ण जाऊ शकतो. हळदकुंकू जाऊ शकतं. बाकी तिघांना विमानबंदी! काडेपेटी तर कळते, पण कापूर हाही पेट घेणारा पदार्थ, आणि सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की कोंडलेल्या जागेत ते आपोआप तापून पेटू शकतं. म्हणून ते धोकादायक मालात मोडतं, ना हातात ना खालच्या बॅगेत. आपल्याकडे निम्म्या घरांच्या सामानात ही वाटी निघते, त्यामुळे तपासणीवाल्यांनाही ती पाहून आश्चर्य वाटत नसेल. नैवेद्याला खडीसाखर न्या म्हटलं. देवाला चालते, विमान कंपनीलाही चालते. अडकित्ता आणि फळं कापायची सुरी खालच्या बॅगेत. लोणच्याची बाटलीही खालीच, तीन पिशव्यांत बांधून.

बाटल्यांवरून एक सांगायचं. विमान वर गेलं की आतला हवेचा दाब कमी होतो, जमिनीइतका राहत नाही. म्हणून भडंगाचं पाकीट टम्म फुगतं आणि अर्धी रिकामी शाम्पूची बाटली टोपणातून गळते. बाटली दाबून आतली हवा काढायची, मग टोपण लावायचं, तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा. केसांच्या तेलाचं खरं म्हणजे छोटं पाऊच न्यावं. तेल सांडलेली बॅग धुऊनही वर्षभर ओळख देते.

खाण्याचं सामान फक्त पहिल्या दिवसापुरतं. हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर आमच्या घरात दोन तट आहेत. आठ दिवसांचा शिधा बांधून निघणारी मंडळी मला कळत नाहीत. गंगटोकला थुक्पा म्हणजे नूडल्सचं गरम सूप आहे, मोमो आहेत, वरणभातासारखा डाळभात तर कुठेही मिळतो. पण पहिला दिवस आपला हवा, कारण विमानतळावर पोहे खायला जाल तर दर वाचूनच पोट भरेल, आणि तिस्ताकाठी गाडी कुठे थांबेल ते ड्रायव्हर ठरवणार. दशम्या करायच्या, दुधात भिजवलेल्या. पाण्यातल्या पोळीपेक्षा त्या मऊ राहतात आणि दुसऱ्या दिवशीही चालतात. सोबत दाण्याची कोरडी चटणी, चार-पाच तिखटमिठाच्या पुऱ्या, मुलासाठी गूळशेंगदाणे, सगळ्यांसाठी आवळासुपारी आणि आलेपाक. ओलं काही नाही. दही नाही, उसळ नाही, बटाट्याची भाजीही नाही, मेच्या उन्हात ती दुपारपर्यंत आंबते. स्टीलचे डबे न नेता पानात, कागदात बांधायचं, म्हणजे खाल्लं की जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेचा उपयोग पुढे सांगते.

पाणी मात्र प्रत्येकाचं स्वतःच्या स्टीलच्या बाटलीत. सिक्कीमने २०२२ च्या जानेवारीपासून प्लॅस्टिकच्या बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली आहे. वाटेत टपरीवर बिसलेरी मागायची सवय तिथे उपयोगी नाही. विमानतळावर बाटली रिकामी न्यायची, तपासणीपलीकडच्या नळावर भरायची.

मुलाला त्याची स्वतःची छोटी पाठपिशवी, त्यात तो काय भरतो ते पाहायचं, पण टोकायचं नाही. दगडच भरत नसेल तर चालू द्यावं.

विजेच्या वस्तूंबद्दल मला फारसं सांगायचं नाही, तो प्रांत जावयांचा. एवढंच की पॉवरबँक हातातल्या बॅगेतच लागते, खाली चालत नाही. वीस हजार एमएएचची असेल तर ती ७४ वॉट-तास भरते आणि विमानातल्या शंभर वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. चौघांचे चार चार्जर नेण्यापेक्षा तीन पिनांची एक छोटी एक्स्टेन्शन नेली तर हॉटेलातल्या एकुलत्या एका सॉकेटवरून होणारी भांडणं मिटतात.

कागदपत्रांची पिशवी आजींकडे दिली आहे, कारण त्या घरातल्या सगळ्यात कमी विसराळू. मूळ ओळखपत्रं, त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स आणि प्रत्येकाचे चार-सहा पासपोर्ट आकाराचे फोटो. नाथुलाला परवाना काढावा लागतो, तो भारतीयांनाच मिळतो, आणि त्याला फोटो नि ओळखपत्राची प्रत लागते. सोमवारी आणि मंगळवारी नाथुला बंद असते, म्हणून भाचीला तिचा कार्यक्रम एका दिवसाने सरकवायला लावला. यालाही मी सामानातच धरते. मंगळवारी तिथे जायचं ठरलं असतं तर सगळे थर अंगावर चढवून हॉटेलात बसावं लागलं असतं. थोडी रोकड, तीही सुट्टी, दोन ठिकाणी विभागून. रेंज गेली की फोनवरचे पैसे फोनमध्येच राहतात.

उरलेले कपडे दोन-दोन दिवसांच्या पिशव्यांत. तुळशीबागेत चेनच्या जाळीदार पिशव्या मिळतात, नाहीतर जुन्या ओढणीच्या घरी शिवाव्यात, मी तेच करते. गुंडाळून की घडी घालून, यावर लोक तासन्‌तास बोलतात. टीशर्ट गुंडाळावेत, साड्या घडी घालाव्यात, संपलं. एका पिशवीतला जोड संपला की तीच मळक्या कपड्यांची. बॅगेत सर्वांत खाली शेवटच्या दोन दिवसांची पिशवी, सर्वांत वर दुसऱ्या दिवशीची. पहिल्या रात्रीचं आधीच हातात आहे. असं भरलं की रोज सकाळी बॅग एकदाच उघडते, वरची पिशवी निघते, चेन बंद.

भाचीने काल व्हिडिओ कॉलवर भरलेली बॅग दाखवली. वर दुसऱ्या दिवशीच्या पिशवीऐवजी हेअर ड्रायर होता. मी काही बोलले नाही, वजन विचारलं. साडेसोळा. ड्रायर निघाला, त्याच्यासोबत एक जाडा टॉवेल निघाला, आणि चौदाच्या जरा पुढे काटा थांबला.

मग ती म्हणाली, "अजून जवळजवळ एक किलो बसेल की गं."

ते मोकळंच ठेव म्हटलं. दशम्यांची जागा आणि हा किलोभर, परतीसाठी. येताना तिथली मोठी वेलची घे, मसालेभाताला लागते, आणि टेमीच्या मळ्यातला चहा. पाव किलो माझा धरून.